उजेडानं ऐकायचं यंत्र

आमच्या घरात हळू बोलायची सवय कुणालाच नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलतानासुद्धा आमचा आवाज दोन घरं पुढं जातो, आणि माणूस लांब असला की तो आणखी चढतो. बायको इंग्लंडला गेली तेव्हा सुरुवातीचे काही महिने मी तिच्याशी फोनवर असाच बोलत होतो. मधे यंत्र आहे, आवाज त्यातून जातोय, हे मला कळत होतं. तरीपण इंग्लंड म्हटल्यावर छाती भरून घेतल्याशिवाय पहिला शब्द निघत नसे.

एका संध्याकाळी, म्हणजे तिच्याकडे दुपारी, ती प्रयोगशाळेत एकटीच होती. बाकीचे जेवायला गेले होते. फोन तिनं यंत्राच्या टेबलावर एका कोपऱ्यात उभा करून ठेवला होता.

मी विचारलं, "जेवलीस का?"

ती उत्तर द्यायची सोडून शेजारच्या पडद्याकडं बघायला लागली.

"परत बोला."

"काय बोलू?"

"काहीही. आत्ता बोललात तसंच."

"अगं पण काय बोलू?" मी आणखी मोठ्यानं.

ती हसायला लागली. "अहो, तुमचा आवाज दिसतोय मला. रेषा हलतीय बघा."

तिनं फोन फिरवला. पडद्यावर एक हिरवी रेषा होती. मी बोललो की ती थरथरायची, गप्प बसलो की सरळ व्हायची. मी दोनतीनदा बोलून बघितलं. मग तिनं फोन उचलला, खिडकीत नेऊन ठेवला आणि म्हणाली, "आता ओरडा पाहिजे तेवढं. सकाळपासून आरसे जुळवत होते, ते हलवलेत तुम्ही."

त्या दिवसापासून ती मला खिडकीतूनच भेटू लागली. तिच्या पाठीमागं ते टेबल लांब दिसायचं.

ती इथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. वय चाळिशीच्या पुढं. दोन वर्षांची रजा घेऊन संशोधनाला गेली. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर, त्यामुळं घरात मी आणि माझी आई. गल्लीत लोकांना वाटलं होतं की आमच्यात काहीतरी बिनसलंय. या वयात बायको एकटी परदेशात जाते आणि नवरा मागं राहून भाजी निवडतो, याचं दुसरं कारण त्यांना सुचत नव्हतं.

मी दूध संघात आहे. गावोगावच्या दूध संस्थांमध्ये फॅट मोजायची यंत्रं असतात. ती आकडा बरोबर दाखवतात की नाही, हे तपासत फिरणं हे माझं काम. आज कोडोली, उद्या गडमुडशिंगी, कधी वर शाहूवाडीच्या डोंगरात. या यंत्रांतलं एका जातीचं यंत्र दुधातून आवाज सोडतं. कानाला न ऐकू येणारा, फार बारीक आवाज. तो दुधातून कसा जातो त्यावरून फॅट किती ते कळतं. त्यामुळं बायको जेव्हा पहिल्यांदा म्हणाली की तिचं यंत्र हाताच्या आतला आवाज ऐकतं, तेव्हा मी लगेच म्हणालो, "म्हणजे आमच्यासारखंच की."

"तुमच्यासारखं काही नाही," ती म्हणाली.

आणि खरंच नव्हतं. आमचं यंत्र आवाज स्वतः सोडतं. तिच्याकडं हातावर सोडतात तो उजेड. लेसरचा एक ठोका, डोळ्याची पापणी लवायलाही ज्याच्यापुढं युग लागावं इतका लहान. कातडीतून तो आत जातो. आतलं रक्त तो उजेड शोषून घेतं, इतकंसं तापतं, इतकंसं फुगतं, आणि त्या फुगण्याचा आवाज होतो. हाताला काही कळत नाही. तो आवाज कुठून कुठून आला हे नीट ऐकलं की रक्त कुठल्या वाटेनं वाहतंय त्याचं चित्र काढता येतं.

अडचण ऐकण्याची. एरवी असले आवाज ऐकायला चिनी मातीच्या जातीच्या चकत्या वापरतात. त्यांच्यातून उजेड पलीकडं जात नाही, त्यामुळं हात आणि लेसर यांच्यामधे त्या ठेवता येत नाहीत. आणि बारीक दिसावं म्हणून लहान केल्या तर त्यांना ऐकू कमी येतं. म्हणून बायको जिथं गेली तिथं उजेडानंच ऐकतात. केसापेक्षा पातळ अशी एक पारदर्शक फिल्म, तिच्या दोन्ही अंगांना आरशाचा लेप. तो लेपही असा की लेसरचा ठोका त्यातून आरपार जातो, पण दुसरा एक उजेड, वाचायचा उजेड, मागं फिरतो. हाताचा आवाज फिल्मवर येऊन पडला की फिल्म दबते, आणि मागं फिरणारा उजेड कमीजास्त होतो. हात आणि फिल्म यांच्यामधे पाण्याचा थेंब. बस, एवढंच.

मी विचारलं, "दबते म्हणजे किती दबते?"

"एका अणूच्या जाडीपेक्षा कमी."

"परत मोज."

"तुमचं दूध नव्हे ते," ती म्हणाली. "परत मोजलं म्हणून आकडा वाढत नाही."

ती याच कामाला का गेली, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आईला साखरेचा आजार. चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या पायाचं बोट काळं पडलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, रक्त कुठपर्यंत पोचतंय ते वरून नक्की सांगता येत नाही. कापायला घेऊ. कडेला चांगलं रक्त आलं तर तिथंच थांबू, नाही आलं तर थोडं वर जाऊ. बोटावर भागलं. पण दवाखान्याच्या त्या बाकावर बसून बायको दोनतीनदा म्हणाली, "कापून बघायचं? म्हणजे बघायला दुसरं काहीच नाही?" मी म्हणालो, आता ऑपरेशन चाललंय, हे विचारायची ही वेळ आहे का? तिनं नंतर बरंच वाचलं, बऱ्याच जणांना लिहिलं, आणि एके ठिकाणाहून बोलावणं आलं.

ती गेल्यावर कामावर मला सगळीकडं एकच प्रश्न. शाहूवाडीकडच्या एका संस्थेचे सचिव तर माझी मोटारसायकल स्टँडवर लागायच्या आत सुरू व्हायचे.

"काय साहेब, वैनी आल्या का न्हाई?"

"न्हाई."

"रुसून गेल्यात जणू?"

"शिकायला गेल्यात."

"त्या शिकवत्यात न्हवं? मग आता त्यास्नी कोण शिकवायला लागलंय?"

"उजेडानं आवाज ऐकायचं यंत्र करत्यात त्या."

सचिवांनी जरा विचार केला. "मग हिकडं बोलवा की एकदा. हितं कालपास्नं लाईट न्हाई आणि फॅटचं मशीन मुकं बसलंय. त्याचं काय म्हणणं हाय ते ऐकूद्यात वैनीस्नी."

सगळे हसले. मीही हसलो. उतरताना घाटात मोटारसायकल थांबवून मी उगाचच फोन काढून बघितला. तिच्याकडं तेव्हा पहाट होती.

जानेवारीत तिनं मला दोन चित्रं पाठवली. काळ्यावर पांढऱ्या रेषा. खाली लिहिलं होतं, "यातला माझा हात कुठला ते ओळखा. दुसरा माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीचा आहे, तिला विचारून पाठवलाय." दोन्ही चित्रं अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागाची, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेची, पण मोठी करून. एका चित्रात रेषांची दाटी होती. जाड रेषेतून बारीक, बारीक रेषेतून आणखी बारीक, जाळीदार पिंपळपानासारखी. दुसऱ्या चित्रात दोनतीन जाड रेषा आणि थोडे धागे, बाकी सगळा काळोख.

मी हे काम मनावर घेतलं. चष्मा पुसला. दोन्ही चित्रं पुन्हा पुन्हा मोठी करून बघितली. आईनं विचारलं, काय बघतोस, तर म्हणालो, तुझ्या सुनेचा हात. तिनंही बघितला. "मला तर ह्या शेताकडं जायच्या पांदी दिसत्यात," म्हणाली आणि फोन परत दिला.

मी माझ्या परीनं हिशेब केला. बायकोचे हात पहिल्यापासून गरम. थंडीच्या दिवसांत पहाटेचं दूध संकलन बघून मी घरी यायचो तेव्हा माझी बोटं हँडलच्या आकारात आखडलेली असायची. ती भाकरी थापायची थांबायची, पिठाच्या हातानंच माझे दोन्ही हात धरायची आणि म्हणायची, "द्या इकडं. बर्फ विकायला गेलतासा काय?" इतकी वर्षं ते हात मी धरलेत. गरम हात म्हणजे रक्त जास्त, रक्त जास्त म्हणजे रेषा जास्त. मी दाट जाळीचं चित्र निवडलं आणि अगदी खात्रीनं कळवलं.

संध्याकाळी ती खिडकीत आली तीच हसत. "चुकलात."

"शक्य नाही."

"अहो, तो तिचा आहे. माझा दुसरा."

"दुसऱ्यात तर काहीच नाही."

"गार पडले होते हात. त्या दिवशी आमच्या मजल्यावरचा हीटर बंद होता. गारठ्यात बारीक नसा आकसतात, त्यांच्यात रक्त कमी येतं, मग चित्रात येत नाहीत त्या. किती सुंदर पकडलंय बघा फिल्मनं! म्हणून तर तुम्हाला पाठवलं."

तिला खरोखर आनंद झाला होता. नाकावर चष्म्याचे वळ होते. लेसरपासून डोळे वाचवायला त्या लोकांना जाड रंगीत चष्मा घालावा लागतो. ती पुढं बरंच काही सांगत होती, फिल्म कशी ओतली, लेप कितव्यांदा जमला. मी म्हणालो, "हातमोजे घालत जा."

"हातमोजे घालून आरशांचे स्क्रू फिरवता येत नाहीत."

"मग जेवायला जाताना तरी घाल."

"बरं," ती म्हणाली. मी चित्राबद्दल काहीच बोललो नाही, हे तिच्या लक्षात आलं असणार. तिनं आईची साखर किती आली ते विचारलं.

ते दुसरं चित्र मी नंतर पुष्कळ वेळा बघितलं. त्यातल्या काळ्या जागा मला आवडत नव्हत्या. तिथं नसा आहेत, फक्त आकसल्यात, हे समजत होतं. हात उबदार जागी नेला की पंधरा मिनिटांत भरतील, हेही तिनं सांगितलं होतं. पण नेणार कोण? तिचे हात गार पडू शकतात ही गोष्ट मला माहीतच नव्हती. ती एका पातळ फिल्मनं मला कळवली.

एप्रिल उजाडला आणि वर्षाच्या चटणीचे दिवस आले. कोल्हापुरात कांदा-लसणीची चटणी वर्षभराची एकदाच करतात. पाऊस लागायच्या आत मिरची वाळवायची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, मसाले भाजून तयार ठेवायचे आणि सगळं गिरणीतल्या डंकावर नेऊन कुटून आणायचं. घरात खाणारी तोंडं किती, पावणं किती, यावर मिरची किती घ्यायची ते ठरतं. एकदा कुटली की वर्षभर बदल नाही. कमी पडली तर दुकानची आणायची, आणि दुकानची आणली तर आईला ते घरात कुणी गेल्यासारखं वाटतं.

आदल्या वर्षी प्रश्न नव्हता. बायको वर्षभर नसणार हे ठरलेलं होतं. तिला पार्सलनं पाठवायला थोडी जास्त केली होती, तेवढंच. या वर्षी सप्टेंबरात ती परत यायची होती. मी मिरची आणायला पिशवी घेऊन निघालो तेव्हा आई खुर्चीवरून म्हणाली, "तिची वाटणी पुरती धर. आता यील न्हवं ती."

मी पिशवीची घडी उलगडत उभा राहिलो.

चार दिवसांपूर्वी बायकोनं मला एक सांगितलं होतं आणि मी ते घरात बोललो नव्हतो. तिच्या सरांनी आणखी एक वर्ष राहा म्हटलं होतं. तळहातावर फिल्म चांगली चालत होती. पण पाय हातासारखा सपाट धरता येत नाही, बोटांभोवती वळणारी फिल्म लागते, आणि तशा फिल्मा वाकवल्या की त्यांचा लेप तडकत होता. आता कुठं एक टिकली होती. पुढच्या वर्षी दवाखान्यातल्या पेशंटांच्या पायांवर ती लावून बघायची होती. ती म्हणाली होती, "मी अजून हो म्हटलेलं नाही. कॉलेज रजा वाढवून देईल असं दिसतंय. तुम्ही सांगा." आणि मी म्हणालो होतो, "बघू."

मी आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. आपला पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"मग तू काय म्हणालास?"

"बघू म्हणालो."

"काय बघणार हायस?"

"आई, तुला काय वाटतं?"

"मला कशाला इचारतोस? मी काय लगीन केलंय तिच्यासंगं? तुझी बायकू हाय, तुला काय पायजे ते तिला सांग की. तोंडात गुळणी धरलीयास व्हय चार दिस?"

"तुझ्या पायाचंच काम आहे ते."

"माझं बोट गेलं ते गेलं. माझ्या नावावर काय घालू नगंस." मग म्हणाली, "आणि मिरची किती आणायची ते ठरवून मग भाईर पड. दोनदा बाजारात जाऊ नगंस."

मी गेलोच नाही त्या दिवशी. दुपारभर भाजलेल्या खोबऱ्याचा वास घरात होता. संध्याकाळी गच्चीवर गेलो. धणे वाळत घातले होते, ते गोळा केले, पिशवी बांधली आणि फोन लावला. ती खिडकीत आली.

माझ्या कामात एक शिस्त आहे. एकाच दुधाचे दोन आकडे वेगळे आले तर त्यांची सरासरी काढून मधला आकडा लिहायचा नाही. दोन्ही आकडे जसे आले तसे लिहायचे. लोकांना मधला आकडा आवडतो, कारण त्यानं कुणाचंच मन दुखत नाही, पण तो आकडा कुठल्याच दुधाचा नसतो. चार दिवस मी बायकोला सांगायला असाच एक मधला आकडा शोधत होतो. सहा महिने राहा, दिवाळीला येऊन जा, असलं काहीतरी.

मी म्हणालो, "तू विचारलंस त्याचं सांगतो. माझ्याकडं दोन उत्तरं आहेत. दोन्ही सांगतो, मधलं सांगत नाही."

"सांगा."

"पहिलं. मला तू हितं पायजेस. सप्टेंबरात म्हणजे सप्टेंबरातच. एक दिवस पुढं नको."

 पाठीमागं कुणीतरी टेबलापाशी आलं होतं, तिनं त्याला हातानं थांब अशी खूण केली.

"आणि दुसरं?"

"दुसरं, राहा. पायाचं होईपर्यंत राहा. अर्धवट टाकून आलीस तर भाकरी थापताना तू त्या फिल्मचाच विचार करणार. मला ते दिसणार, आणि मग मी तुला काय म्हणणार?"

"यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही."

"पण करायचं कुठलं?"

"दुसरं," मी म्हणालो. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघाल्यावर कळलं की हेच ठरलंय.

 चष्मा काढून तिनं कपाळावर चढवला होता, तो उगाचच खाली घेतला, परत वर चढवला. मला वाटलं आता ती फिल्मबद्दल, रजेबद्दल, तिकिटाबद्दल बोलेल.

"इतक्या वर्षांत तुम्ही हे कधी म्हणाला नव्हता," ती म्हणाली.

"राहा म्हणून?"

"नाही हो. पहिलं."

"ते काय सांगायचं असतं?"

"असतं."

खाली गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं. मी धण्याची पिशवी घेऊन पायरीवर बसलो.

"परत एकदा सांगा," ती म्हणाली. "फक्त पहिलं. दुसरं कळलं मला."

मी परत सांगितलं.

खाली आलो तर आई जेवायची थांबली होती. "काय ठरलं?"

"राहणार आहे ती. वर्षभर."

आईनं मान हलवली. ताटात भाकरी मोडून घेतली. "मग तिची वाटणी वगळून आण मिरची."

"वगळत नाही. पुरती धरतो."

"खाणार कोण?"

"पाठवू की."

"एवढी? सगळं इंग्लंड जेवायला घालणार हाय काय ती?" आई म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी मिरची पुरती आणली तेव्हा तिनं वजनाबद्दल काही काढलं नाही. डंकावर मी स्वतः बसलो. कुटताना ठसका लागून डोळ्यांतून पाणी येत राहतं, त्यामुळं तिथं बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

आता ते वर्ष निम्म्याच्या पुढं गेलंय. वळणारी फिल्म काही पायांवर चालली, काहींवर नाही. टाचेची कातडी जाड, तिथं आतला आवाज पुरेसा येत नाही. बोटांच्या बाजूनं येतो. एका पेशंटाच्या अंगठ्यात रक्त पोचतंय हे त्यांना कापायच्या आधी दिसलं, असं ती परवा म्हणाली. एकाचं दिसलं म्हणजे काही सिद्ध होत नाही, हेही लगेच म्हणाली. आईला मी सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "कुणाचं, बाईचं का बाप्याचं?" ते मला माहीत नव्हतं.

तिच्या वाटणीच्या चटणीची बरणी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. दोनदा पार्सल पाठवूनही निम्म्याहून जास्त उरलीय. वरच्या थराचा रंग उतरला आहे. आई म्हणते, आमच्या बरणीत मिसळून टाक आणि ती मोकळी कर, बरणी अडून राहिलीय. मी उद्या करतो म्हणतो.